नवी जेट बोट पाण्यात उतरवण्याआधी: एका तपासणीचं प्रकरण

ही बोट साडेपाच मीटर लांबीची, ५०८३ ग्रेडच्या अॅल्युमिनियम पत्र्याची. तळ ५ मिलिमीटरचा, बाजू ४ मिलिमीटरच्या. मागच्या भागात मोटारीचं, पण बोटीसाठी बदललेलं सहा लिटरचं व्ही-८ पेट्रोल इंजिन, त्याच्यामागे ताकद पंपाकडे नेणारा कार्डन शाफ्ट, म्हणजे दोन्ही टोकांना सांधे असलेला दांडा, आणि मागच्या भिंतीला, म्हणजे ट्रान्समला, बसवलेलं एका टप्प्याचं कोरं जेट युनिट. मालकांनी आराखडा विकत घेऊन सांगाडा स्वतः उभा केला होता आणि वेल्डिंग अनुभवी वेल्डरकडून करून घेतलं होतं. माझ्याकडे निरोप आला तो असा: ‘एकदा नजर टाकून जा, येत्या रविवारी उतरवतोय.’ तो रविवार हुकला, त्याच्या पुढचेही काही हुकले. ते का हुकले आणि हुकले ते बरंच कसं झालं, हे इथे सविस्तर मांडतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण तपासणीचा सगळा क्रम तिच्यावर ठरला. प्रोपेलरच्या बोटीत ढकलणारं यंत्र बोटीच्या बाहेर असतं. जेट बोटीत पंप आणि तळ मिळूनच एक यंत्र होतं. तळावरून सरकत येणारं पाणी इनटेकमध्ये शिरतं, इंपेलर, म्हणजे आतलं फिरणारं पात्यांचं चाक, त्याला जोर देतो, स्टेटरच्या स्थिर पाती त्याचा पीळ काढतात आणि नॉझलमधून तो झोत मागे सुटतो. म्हणजे तळ हाच पंपाचा पहिला भाग. त्यामुळे पाण्यावर गेल्यावर वेगवेगळे दोष एकाच लक्षणाने बोलतात. इंपेलरभोवतीची फट मोठी असो, इनटेकमध्ये हवा जात असो, जाळीत चिंधी अडकलेली असो किंवा युनिट वाकडं बसलेलं असो, बाहेरून दिसतं एवढंच की इंजिन जोरात फिरतंय आणि बोट मात्र हवी तशी निघत नाही. कारण कुठलं, हे पाण्यावर बसून सांगणं महाकठीण. जमिनीवर हेच दोष एकेकटे सापडतात: एक गेजने, एक नुसत्या डोळ्याने, एक खडूने. म्हणून पाण्यात जाण्याआधी पंपाबद्दलची प्रत्येक शंका जमिनीवरच मिटवायची, असं मी मालकांना पहिल्याच दिवशी सांगितलं. इंजिन अजून एकदाही सुरू झालेलं नव्हतं, ही या प्रकरणातली सर्वांत चांगली बाब होती.

तळाखालून पाहिलेली बोट

न्यूझीलंडच्या उथळ, वेगवान, गोट्यांनी भरलेल्या नद्यांवर चालेल अशी बोट तिथले संशोधक बिल हॅमिल्टन यांना हवी होती. १९५४ च्या सुमारास त्यांनी चालवलेल्या पहिल्या बोटीत झोत तळाखाली, पाण्यातच सुटत असे. पुढे त्यांनी तो ट्रान्सममधून पाण्याच्या पातळीच्या वर काढला आणि बोट चांगलीच पळू लागली. १९६० मध्ये हॅमिल्टन यांच्या जेट बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीच्या प्रवाहाविरुद्ध वर गेल्या. १९७७ मध्ये एडमंड हिलरी जेट बोटी घेऊन गंगेच्या मुखाकडून हिमालयाच्या दिशेने निघाले. हे जमलं कारण या बोटीच्या तळाखाली काहीच लोंबत नाही. पण त्याच्या बदल्यात तळाला एक मोठं तोंड पाडावं लागतं, आणि त्या तोंडापुढचा तळ गुळगुळीत, सलग आणि हवा न ओढणारा ठेवावा लागतो.

म्हणून ट्रेलरखाली झोपून सुरुवात केली. पहिल्या पाहणीतच दोन गोष्टी खटकल्या. इनटेकच्या तोंडापुढे हातभर अंतरावर, अगदी मधल्या रेषेवर, खोली मोजणाऱ्या यंत्राचा सेन्सर बसवला होता. जागा सपाट म्हणून ती निवडली, असं मालकांनी सांगितलं. सेन्सरसाठी ती खरंच उत्तम होती, पंपासाठी मात्र सर्वांत वाईट. वेगात असताना तळाबाहेर आलेला असा कुठलाही उंचवटा आपल्यामागे फेसाळ पाण्याचा पट्टा सोडतो, आणि तो पट्टा इथे थेट इनटेकमध्ये जाणार होता. हवा मिसळलेल्या पाण्याला इंपेलर पकडू शकत नाही. सेन्सर काढला, भोक त्याच जाडीच्या पत्र्याने वेल्ड करून बंद केलं, आणि सेन्सर ट्रान्समच्या एका कडेला, झोताच्या बाजूला नेला.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक होती. तळावर लांबीच्या दिशेने दिलेल्या पट्ट्या, ज्यांना स्ट्रेक म्हणतात, त्यांपैकी आतली जोडी थेट इनटेकच्या बाजूपर्यंत आली होती. आराखड्यात ती बरीच आधी संपत होती. ‘मजबुतीसाठी थोडी वाढवली,’ असं उत्तर मिळालं. तळ मजबूत झाला असेल, पण पट्टीच्या कडेने हवा धावते आणि पट्टी जिथे नेते तिथे ती जाते. वाढवलेला तुकडा कापून, घासून साफ केला. इनटेकच्या कडेवर वेल्डचे दोन-तीन मणी उभे राहिले होते, तेही फाइलने सपाट केले. नखाने कडेवर रेघ ओढली तर नख अडकता कामा नये, एवढी ती कड साफ हवी.

चार आकडे

या प्रकरणाचा गाभा इथे आहे, म्हणून थोडं थांबतो.

इंपेलरच्या पात्यांची टोकं आणि त्यांच्याभोवतीची झीज-कडी, म्हणजे वेअर रिंग, यांच्यात अगदी बारीक फट असते. ही फट पंपाची तब्येत सांगते. जास्त असेल तर पाणी पात्याच्या टोकावरून मागे निसटतं आणि जोर वाया जातो. कमी असेल तर पातं कडीला घासतं. निर्मात्याच्या पुस्तकात तिची मर्यादा दिलेली असते, पण त्या मर्यादेइतकंच महत्त्वाचं आहे ती सगळीकडून सारखी असणं.

बॅटरीची दोन्ही टोकं सोडली, इंजिनची किल्ली खिशात घातली, इनटेकची जाळी काढली आणि फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या ठराविक जाडीच्या पट्ट्या, घेऊन खालून हात आत घातला. इंपेलरच्या एकाच पात्याचं टोक फिरवत फिरवत घड्याळाच्या १२, ३, ६ आणि ९ च्या जागी मोजलं. वर ०.९ मिलिमीटर, उजवीकडे ०.७, खाली ०.३, डावीकडे ०.६.

मालकांचं पहिलं म्हणणं असं की शाफ्ट वजनाने खाली बसला असेल. हे काही अंशी खरं असतं. मागचं बेअरिंग रबराचं, पाण्याच्या वंगणावर चालणारं असतं. त्यात थोडा खेळ ठेवलेला असतो आणि बोट उभी असताना शाफ्ट त्यात खाली टेकतो. पण ०.९ आणि ०.३ यांच्यातला फरक एवढ्याने भरून येत नाही. शाफ्ट हलक्या हाताने वर उचलून मोजलं, तरी खालची फट फार वाढली नाही.

मग दुसरी कसोटी लावली. ही प्रत्येक नव्या बोटीवर लावावी, कारण ती दोष नेमका कोणाचा हे सांगते. इंपेलर हाताने फिरवायचा आणि तंग जागा कुठे जाते ते बघायचं. तंग जागा पात्याबरोबर फिरली तर दोष इंपेलरचा किंवा वाकलेल्या शाफ्टचा. ती कडीवर जिथल्या तिथेच राहिली तर दोष कवचाचा, म्हणजे युनिट ज्यावर बसलंय त्याचा. इथे तिन्ही पाती आळीपाळीने खाली आणली. तिन्ही वेळा खालीच तंग. इंपेलर निर्दोष होता, शाफ्टही सरळ. कवचच पिळलं गेलं होतं.

कवच कोरं, कारखान्यातून आलेलं. मग पीळ आला कुठून? युनिट दोन ठिकाणी धरलेलं असतं: खाली तळाला जोडलेल्या जाड ब्लॉकवर आणि मागे ट्रान्समवर. ब्लॉकचे बोल्ट तसेच ठेवून ट्रान्समचे बोल्ट एकेक सैल केले. शेवटचे दोन सैल होताच फ्लँज, म्हणजे युनिटची बोल्ट लावायची सपाट कड, भिंतीपासून सुटली आणि खालच्या कडेला जवळपास ३ मिलिमीटरची फट उघडी पडली. गेज पुन्हा लावलं. वर ०.६५, उजवीकडे ०.६५, खाली ०.५५, डावीकडे ०.६.

म्हणजे ट्रान्सम आणि ब्लॉक यांच्यातला कोन आराखड्याप्रमाणे नव्हता. अॅल्युमिनियम वेल्डिंगच्या उष्णतेने फार ओढतं. खालच्या कोपऱ्यात मोठा वेल्ड टाकला की थंड होताना तो भिंत आपल्याकडे खेचतो. वेल्डरने टाकलेला वेल्ड उत्तम होता. फक्त वेल्ड झाल्यावर कोन पुन्हा कोणी मोजला नव्हता. युनिट बसवताना उरलेली फट बोल्ट आवळून मिटवली गेली, आणि बोल्टने ओढलेली ती ३ मिलिमीटर थेट कवचात उतरली.

इथे एक मोह असतो, तो टाळायला मी बरंच बोललो. फट सीलंटने भरावी आणि बोल्ट हलकेच लावावेत, असा सल्ला मालकांना कुणीतरी दिला होता. सीलंट पाणी अडवतं, भार घेत नाही. झोताचा आणि बकेटचा, म्हणजे झोत उलटा वळवणाऱ्या झाकणाचा, धक्का रोज त्या सांध्यावर येणार. सीलंट दबेल, बोल्ट सैल होतील आणि पीळ हळूहळू परत येईल. योग्य उपाय होता तो उतार दिलेला अॅल्युमिनियमचा स्पेसर. एका टोकाला जवळजवळ शून्य, दुसऱ्या टोकाला ३ मिलिमीटर असा तो मशीनवर घासून घेतला, फ्लँज आणि भिंतीच्या मध्ये घातला, मग सीलंट, आणि बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने टॉर्क पान्याने. शेवटचं माप सगळीकडे ०.५५ ते ०.६५ च्या आत आलं.

युनिट सरळ झाल्यावर आधीचं इंजिनचं अलाइनमेंट अर्थातच रद्द झालं. कार्डन शाफ्टच्या दोन्ही टोकांचे कोन सारखे असावे लागतात, नाहीतर प्रत्येक फेरीत वेग कमी-जास्त होऊन थरथर येते. शिवाय ते शून्यही नकोत. किंचित कोन असला तरच जोडातल्या सुईसारख्या बारीक रोलरना हलायला मिळतं, नाहीतर ते एकाच जागी दाबून खळगे पाडतात. डिजिटल अँगल गेजने मोजून इंजिनच्या पायांखाली शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, घातल्या आणि दोन्हीकडे साधारण २ अंश राखले. हे काम युनिटच्या आधी केलं असतं तर पुन्हा करावं लागलं असतं. म्हणून आधी जेट, मग इंजिन.

खडू, रॉकेल आणि पाणी

गळती शोधायच्या दोन परीक्षा वेगवेगळ्या असतात आणि त्यांचा क्रम पाळावा लागतो. वेल्डसाठी रॉकेल. बाहेरच्या बाजूने वेल्डच्या रेघेवर खडू फासायचा, आतून रॉकेल लावायचं आणि वाट बघायची. पाणी जिथून जात नाही तिथून रॉकेल झिरपतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट ठिपका उमटतो. ही परीक्षा रबर आणि सीलंट लागण्याआधी करायची, कारण रॉकेल त्यांना खराब करतं. इथे स्पेसरसाठी युनिट काढलं होतंच, त्याचा फायदा घेतला. ट्रान्समच्या डाव्या कोपऱ्यात, जिथे वेल्डरने एकदा थांबून पुन्हा सुरुवात केली होती, तिथे टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आला.

तिथला वेल्ड घासून, रॉकेल पूर्ण पुसून, पुन्हा भरला. बोटीवर वेल्डिंग करताना इंधनाची टाकी बाहेर काढलेली असली पाहिजे, बॅटरी आणि सगळी इलेक्ट्रॉनिक यंत्रं सुटी केलेली असली पाहिजेत, आणि अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या अगदी शेजारी लावला पाहिजे. तो दूर इंजिनला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो, आणि बेअरिंगच्या आतल्या चकचकीत वाटेवर जे डाग पडतात ते पुढे आवाज करू लागेपर्यंत कुणाला दिसत नाहीत.

सगळं जोडून झाल्यावर दुसरी परीक्षा: बोटीच्या आत पाणी. मागच्या भागात १० सेंटिमीटरपर्यंत भरलं. ते सुमारे ३०० लिटर, म्हणजे तेवढेच किलो, म्हणून इंधनटाकी रिकामी ठेवली आणि ट्रेलरला जास्तीचे टेकू दिले. स्टिअरिंगची केबल जिथून बाहेर जाते तिथल्या रबरी बुटाखाली एक थेंब जमायला लागला. क्लॅम्प उलटा बसला होता. नीट लावल्यावर थांबला.

मग तेच पाणी बिल्ज पंपाने, म्हणजे तळाशी साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाने, बाहेर काढायला लावलं. पंप सुरू झाला आणि लगेच अडकला. आत अॅल्युमिनियमचा कीस. बांधकामाच्या काळात ड्रिल आणि ग्राइंडरमधून पडलेला कीस तळाच्या सांदीकोपऱ्यांत लपलेला होता आणि पाण्याबरोबर वाहत पंपाकडे आला. आडव्या फासळ्यांमधली पाणी वाहून जायची छोटी भोकंही काही ठिकाणी बुजलेली होती. मोकळ्या धरणात हा पंप बंद पडला असता तर काय झालं असतं, हे सांगायची गरज पडली नाही. व्हॅक्यूमने सगळा तळ साफ केला, पुन्हा पाणी भरलं, पुन्हा उपसलं. फ्लोट स्विचही त्याच पाण्यात तपासला.

धातू आणि पेट्रोल

धातूंच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. अॅल्युमिनियमचा तळ, ओतीव अॅल्युमिनियमचं कवच, स्टेनलेसचा शाफ्ट आणि बोल्ट, आणि मध्ये पाणी: ही बॅटरीच झाली, आणि तिच्यात झिजणारा अॅल्युमिनियमच असतो. स्टेनलेसचा प्रत्येक बोल्ट वेगळा करणाऱ्या पेस्टसह बसवला. गॅरेजमध्ये तांब्याची पेस्ट होती, ती अॅल्युमिनियमला लावायची नाही. तांबं असलेला तळाचा रंगही नाही. विजेचा परतीचा मार्ग वायरनेच जायला हवा, तळाच्या पत्र्यातून नको. अॅनोड, म्हणजे तळाऐवजी झिजण्यासाठी लावलेले धातूचे तुकडे, गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमचे आणि खाऱ्यासाठी जस्ताचे किंवा अॅल्युमिनियमचे. या बोटीवर जस्ताचे होते आणि बोट गोड्या पाण्यात जाणार होती, म्हणून बदलले. एका अॅनोडवर कौतुकाने रंग फासलेला होता, तो खरवडला. रंगलेला अॅनोड काहीच काम करत नाही.

पेट्रोलच्या बाबतीत मात्र मला थोडक्यात बोलता येत नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खाली रस्त्यावर पसरून जाते, बोटीत ती तळाशी साचते आणि तिथेच राहते. इंजिन मोटारीचं म्हणून त्याच्यावरचा स्टार्टर आणि अल्टरनेटरही मोटारीचाच होता. दोन्हींच्या आत ठिणगी उडते, आणि मोटारीसाठी बनवलेल्या भागात ती ठिणगी बाहेरच्या वाफेपासून बंद केलेली नसते. ‘दोन्ही एकदम नवे आहेत हो,’ असं मालक म्हणाले, आणि ते नवेच होते. पण बोटीच्या बंद इंजिनघरात नवं-जुनं हा प्रश्नच नाही. ठिणगी-बंद केलेले सागरी प्रतीचे दोन्ही भाग येईपर्यंत काम थांबवलं. मला वाटतं या सबंध तपासणीत जीव वाचवणारा निर्णय कुठला असेल तर हा.

वाफ बाहेर ओढणाऱ्या ब्लोअरचा पाइप इंजिनघराच्या वरच्या बाजूला संपत होता. तो खाली, तळाच्या जवळ पण साचणाऱ्या पाण्याच्या वर राहील असा वाढवला. इंजिन सुरू करण्याआधी ब्लोअर किमान ४ मिनिटं चालवायचा आणि त्यानंतर झाकण उघडून नाकाने वास घ्यायचा. इंजिनच्या हवेच्या तोंडावर ज्वाळा अडवणारी जाळी, टाकीच्या वाटेवर सायफन रोखणारा व्हॉल्व्ह, आणि इंधनाच्या होजची दोन्ही टोकं हलक्या दाबाने तपासलेली. टाकी भरली ती सगळ्यात शेवटी.

इंजिन पहिल्यांदा

जेट युनिट कोरडं फिरवायचं नाही. मागचं रबरी बेअरिंग पाण्यावरच जगतं. कोरडं फिरलं तर काही क्षणांत जळायला लागतं. म्हणून कार्डन शाफ्ट सोडवून ठेवला आणि इंजिन एकट्याने सुरू केलं. थंड करणाऱ्या पाण्यासाठी बागेची नळी, पण नळ उघडायचा तो इंजिनाने पकड घेतल्यावर, आणि इंजिन बंद करण्याआधी नळ बंद. सेल्फ मारत राहायचं आणि नळ चालू ठेवायचा, असं केलं तर पाणी एक्झॉस्टमध्ये चढून सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतं. सिलिंडरमधलं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

इंजिन लवकरच लागलं. ऑइलचा दाब, पाण्याचं तापमान, होजचे क्लॅम्प, काहीही वावगं नव्हतं.

लिव्हर आणि बकेट यांचं नातं मात्र तपासावं लागलं. जेट बोटीला खरा न्यूट्रल नसतो. इंजिन चालू असेल तर पंप पाणी फेकत असतो. झोतासमोर बकेट अर्धवट उतरवून पुढचा आणि मागचा जोर समान केला की बोट जागच्या जागी राहते, त्यालाच न्यूट्रल म्हणायचं. इथे लिव्हर मध्यावर असताना बकेट बरंच वर होतं, म्हणजे सुरू करताच बोट पुढे निघाली असती. केबल जुळवून, निर्मात्याने दिलेल्या खुणेवर बकेट आणलं. नेमकी जागा पाण्यातच कळते, पण खुणेपासून सुरुवात केली तर उरतं ते बारीक समायोजन. त्याच वेळी मालकांना आणि त्यांच्या मुलालाही एक गोष्ट दोनदा सांगितली: घाबरून थ्रॉटल सोडला तर बोट वळत नाही. वळण झोताने होतं, झोत गेला की सुकाणू गेलं. त्यामुळे समोर काही दिसलं तर थ्रॉटल ठेवूनच वळायचं. दोरीचा बंद करणारा स्विच मनगटाला, आणि तो खेचून इंजिन बंद होतं हे ट्रेलरवरच पाहिलेलं.

अग्निशामक, लाइफ जॅकेट, वल्हं, नांगर आणि दोर यांची यादी मालकांनी आधीच केली होती आणि ती चांगली होती. मी तिच्यात एकच भर घातली: तळाचा ड्रेन प्लग किल्लीच्या जुडग्यालाच बांधून ठेवायचा. प्लग लावल्याशिवाय किल्ली हाती येत नाही.

पाण्यात

उतारावर ट्रेलर मागे नेला, पण बोट सोडली नाही. मागचा भाग तरंगेपर्यंत खाली, पट्टा बांधलेलाच, इंजिन बंद. तळाची सगळी झाकणं उघडून पंधरा मिनिटं नुसतं बघत बसलो. पाण्याची रेघ कुठे येते तेही पाहिलं. जेटचा पंप स्वतःहून पाणी उचलतो, पण त्यासाठी उभ्या बोटीत पाणी शाफ्टच्या मध्यरेषेच्या वर असावं लागतं. रेघ तिथून चार बोटं वर आली. पाणी इंजिनात परत येऊ न देणारा एक्झॉस्टचा उंचवटाही त्या रेघेच्या पुरेसा वर होता.

मग हाताने ढकलत बोट कंबरेपेक्षा खोल पाण्यात नेली आणि तिथे सुरू केली. उथळ पाण्यात सुरू केलं तर मंद गतीवरसुद्धा इनटेक खालची वाळू आणि खडे ओढतो. ते खडे आत जातात ते थेट त्या ०.६ मिलिमीटरच्या फटीत. मागे कुणी पोहत नाही, दोर पाण्यात लोंबत नाही, हे आधी पाहिलं.

नव्या इंजिनला पहिले काही तास पूर्ण थ्रॉटल द्यायचा नसतो. म्हणून पहिल्या फेऱ्यांमध्ये वेग सतत बदलत ठेवला आणि कान आरपीएमवर, म्हणजे इंजिनच्या दर मिनिटाच्या फेऱ्यांवर, ठेवले. वळणावर किंवा लाट ओलांडताना आरपीएम अचानक उसळून खाली आला असता तर हवा जातेय असं समजलं असतं. तसं झालं नाही. परतल्यावर बिल्ज कोरडा, बेअरिंगचं ऑइल स्वच्छ, म्हणजे सीलमधून पाणी आत आलेलं नव्हतं. जाळीत एक काटकी. बोल्टांवर टॉर्क पाना पुन्हा फिरवला. ट्रान्समचा एकही हलला नाही.

पूर्ण थ्रॉटलची चाचणी इंजिन रुळल्यावर घेतली. जेट युनिट इंजिनकडून किती ताकद घेतं हे जवळजवळ पूर्णपणे आरपीएमवर अवलंबून असतं, बोट उभी आहे की धावते आहे याने फार फरक पडत नाही, आणि ती ताकद आरपीएमच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आरपीएम १० टक्क्यांनी कमी तर ताकद २७ टक्क्यांनी कमी. निर्मात्याच्या तक्त्यानुसार या इंपेलरला ३०० अश्वशक्ती ४,४०० आरपीएमवर लागते. काटा त्याच्या वर गेला असता तर पंपाला पाणी धरता येत नाही असा अर्थ झाला असता. तो ४,३५० वर स्थिरावला. हिशेब केला तर इंजिन साधारण २९० अश्वशक्ती देतंय. पंपाच्या चारही बाजू आधी मोजलेल्या असल्यामुळे या आकड्याकडे बघून पंपावर शंका घ्यावी लागली नाही. उरलेली १० अश्वशक्ती इंजिनकडेच शोधायची आहे. इग्निशनच्या टायमिंगपासून सुरुवात करायचं ठरलं आहे.